सहा इंची पाइप

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या सभेत गच्चीवरच्या टाकीचा विषय निघाला. टाकी भरायला पूर्वी दीड तास लागायचा, आता तीन तास लागतात, आणि तोवर नगरपालिकेचं पाणी गेलेलं असतं. सेक्रेटरींनी तोडगा आणलाच होता. तीन हॉर्सपॉवरची मोटर काढायची आणि पाचची बसवायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "वर जाणारा पाइप किती इंची आहे, आणि तो आतून कुणी पाहिलाय का?" लग्नाच्या पंगतीत स्वयंपाक्याचं गोत्र विचारावं तशी सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. दुसऱ्या दिवशी प्लंबरनं त्या पाइपचा हातभर तुकडा कापून आणला. तीस वर्षांचा जुना जी.आय. पाइप. आत क्षारांचा असा थर बसला होता की करंगळी जेमतेम जात होती. पाइप बदलला. जुनीच मोटर आता सव्वा तासात टाकी भरते.

"तुम्ही तर बँकेत होता ना हो?" तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यात विचारलं. "होतो," एवढंच म्हणालो. पाइपाबद्दल जे काही मला कळतं ते बँकेत होतो म्हणूनच कळतं, आणि ते कळायची किंमत दुसऱ्या माणसानं दिली, हे जिन्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं.

ही गोष्ट 1990 सालची आहे. मी तेव्हा तिशीत होतो आणि बँकेच्या विभागीय कार्यालयात कर्जविभागात बसत होतो. कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांच्या कारखान्याचा विस्ताराचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला. कारखाना मध्यम, मालक धडपडे, खातं स्वच्छ. नवी शेड बांधायची होती आणि तिथे दोन नवे रिअ‍ॅक्टर बसवायचे होते. अडचण एकच होती. मागितलेली रक्कम आमच्या विभागीय व्यवस्थापकांच्या अधिकारापेक्षा पावणेदोन लाखांनी जास्त होती. फाइल मुंबईला मुख्य कार्यालयात गेली असती तर तीन-चार महिन्यांची निश्चिंती. साहेब म्हणाले, "बघ जरा, कुठे कात्री लावता येते का."

मी लाल पेन्सिल घेऊन यंत्रसामग्रीची यादी चाळू लागलो. रिअ‍ॅक्टरला हात लावता येत नव्हता, बॉयलरलाही नाही. यादीच्या तळाशी मात्र 'थंड पाण्याचे पंप व पाइपिंग' असा एक मथळा होता. त्यात दोन गोष्टी माझ्या डोळ्यांत भरल्या. पहिली म्हणजे 600 मीटर 8 इंची पाइप. कूलिंग टॉवर आवाराच्या एका टोकाला आणि नवी शेड दुसऱ्या टोकाला, म्हणून जायला 300 मीटर आणि यायला 300. दुसरी म्हणजे पंप दोन, 'एक चालू, एक राखीव'. मी हिशेब केला. 8 इंचीऐवजी 6 इंची पाइप घेतला आणि राखीव पंप वगळला, की रक्कम बरोबर आमच्या अधिकारात बसत होती. पाणीच तर न्यायचं आहे. आणि एक पंप नुसता उभा करून ठेवायला बँकेनं पैसे का द्यावेत?

कारखान्याचे सल्लागार पुण्याचे एक वयस्कर इंजिनिअर होते. मालक त्यांना काका म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. ते मुद्दाम मला भेटायला आले. आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, पाइप एकदाच विकत घ्यायचा असतो. वीज रोज विकत घ्यावी लागते." मला ते वाक्य चटपटीत वाटलं, पटलं मात्र नाही. मालकालाही काम लवकर सुरू करायचं होतं. त्यानं माझ्या बाजूनं मान हलवली. काकांनी परत जाऊन एक पत्र पाठवलं. पाइप 6 इंची घेतल्यास पंप नव्यानं निवडावा लागेल, तसं झाल्यास पंपाची बैठक खाली घ्यावी, आणि राखीव पंप वगळू नये. मी त्या पत्रावर 'पाहिले, फाइलला लावा' असा शेरा मारला आणि खाली आद्याक्षरं केली. कर्ज आठवड्यात मंजूर झालं.

1992 मध्ये वार्षिक तपासणीला त्या कारखान्यात गेलो. पंपाजवळून जाताना कडकड असा आवाज येत होता. कुणीतरी पत्र्याच्या डब्यात खडी घालून हलवतोय असा. मी मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, "पहिल्या दिवसापासनं असाच वाजतोय साहेब. सवय झाली." मी माझ्या अहवालात छापील वाक्य लिहिलं, 'सर्व यंत्रे चालू स्थितीत आढळली.' ते खोटं नव्हतं.

मे 1994 मध्ये, एका रात्रपाळीत, त्या पंपाचं बेअरिंग जाम झालं आणि मोटर बंद पडली. रिअ‍ॅक्टरमधली क्रिया स्वतःच उष्णता सोडणारी होती. बाहेरून थंड पाणी फिरत राहिलं तरच ती आटोक्यात राहते. पाणी थांबलं आणि तापमानाचा काटा चढू लागला. दुसरा पंप नव्हता. वर एक आणीबाणीची टाकी होती, तिची झडप हातानं उघडावी लागे. पाळीवरचा ऑपरेटर, बाविशीतला पोरगा, जिना चढून वर गेला. तोवर वाफा बाहेर यायला लागल्या होत्या. दोन्ही हात आणि मान भाजली, पण त्यानं झडप पूर्ण उघडली आणि मगच खाली आला. तसं झालं नसतं तर काय झालं असतं हे त्या शेडमधल्या सगळ्यांना माहीत होतं.

चार दिवसांनी मी पाहणीला गेलो. काकांनाही बोलावलं होतं. मेकॅनिकनं पंप उघडून इम्पेलर, म्हणजे पंपाच्या पोटातलं फिरणारं चाक, फडक्यावर ठेवलं होतं. ओतीव धातूचं ते चाक वाळवी लागलेल्या लाकडासारखं दिसत होतं. पात्यांच्या मुळाशी बोटाचं टोक जाईल एवढे खड्डे. मी म्हटलं, "गंजलं वाटतं." काका म्हणाले, "गंज नाही साहेब. ही खडी. दोन वर्षांपूर्वी तुम्ही ऐकलेली." मेकॅनिकनं त्यांना ते सांगितलं असावं.

मग कॅन्टीनमध्ये बसून, चहाच्या बिलांच्या पाठीवर आकडे मांडत, काकांनी मला दोन तास जे समजावलं ते मी पुढे कित्येकदा स्वतःशी घोकलं आहे. जमेल तसं इथे सांगतो.

पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो. पंप काहीच ओढत नाही. तो स्वतःच्या तोंडाशी जागा मोकळी करून देतो आणि आपल्या डोक्यावरची हवा पाण्याला त्या जागेत ढकलते. उसाचा रस नळीनं पिताना हेच होतं. आता हवेची ताकद ठरलेली आहे. समुद्रसपाटीला ती पाणी फार तर 10.3 मीटर उंच ढकलू शकते, त्यापुढे जगातला कुठलाही पंप पाणी वर ओढू शकत नाही. ही गोष्ट इटलीतल्या पंपवाल्यांच्या अनुभवाला आली होती. गॅलिलिओनं 1638 सालच्या आपल्या ग्रंथात तिची नोंद केली, आणि पुढे त्याचा शिष्य टॉरिचेली यानं पाण्याऐवजी पारा घेऊन तिचं कारण हवेच्या वजनात शोधलं. महाबळेश्वरला हवा विरळ, तिथे तोच आकडा पावणेनऊ मीटरच्या आसपास येतो. आपल्याकडे विहिरीवरच्या शेतकऱ्याला हे आकडे माहीत नसतील, पण उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटर खाली उतरवावी लागते, हे त्याला सांगावं लागत नाही. इंजिन सुरू करण्याआधी बादलीनं पंप भरून घ्यायचा, फूटव्हॉल्व्ह गळत असेल तर शेणकाला ओतायचा, हे सगळं त्याच एका नियमाशी चाललेलं भांडण आहे.

हवेकडून मिळालेले हे 10 मीटर म्हणजे महिन्याचा पगार समजा, असं काका म्हणाले. बँकेच्या माणसाला समजेल अशा भाषेत बोलायची त्यांना सवय झाली असावी. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा 2 मीटर वर बसवलाय, ते 2 मीटर गेले. ओढीच्या बाजूचा पाइप बारीक, त्याला वळणं, खाली जाळी, जाळीत शेवाळ. त्या घर्षणात 3 मीटर गेले. पाणी कोमट आहे, त्याचं अर्धा मीटर कापलं जातं. हातात उरले साडेचार. आणि या पंपाच्या तोंडाशी किमान पाच मीटरहून जास्त शिल्लक लागते, असं पंप बनवणाऱ्यानं तक्त्यात छापून दिलेलं आहे. पगार पुरत नाही.

पुरला नाही की काय होतं? पंपाच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की पाणी तिथेच उकळतं. थंडच्या थंड पाणी! आपल्याला उकळणं म्हणजे 100 अंश एवढंच ठाऊक असतं. पण दाब कमी केला की पाणी आधीच उकळतं. हवेचा दाब एक-पंचमांशावर आणला तर 60 अंशालाच त्याला उकळी फुटते. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढवून आपण याच्या बरोबर उलट करतो. तर पंपाच्या तोंडाशी वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात, ते पुढे जास्त दाबाच्या जागी जाऊन फुटतात, आणि प्रत्येक बुडबुडा फुटताना धातूवर सुईच्या टोकाएवढा घण मारतो. सेकंदाला असे अगणित घण. त्यातून तो खडीचा आवाज येतो, चाकाला खड्डे पडतात, दांडा थरथरतो आणि शेवटी बेअरिंग जातं. बॉयलरला गरम पाणी पुरवणारी टाकी कारखान्यात नेहमी उंच मचाणावर ठेवलेली दिसते, त्याचंही कारण हेच. गरम पाणी उकळायला टपलेलंच असतं. त्याला पंपाच्या तोंडापर्यंत उंचीचा आधार द्यावा लागतो.

"पण काका," मी म्हटलं, "मी तर पुढचा पाइप बारीक केला होता. मागच्या बाजूला मी हातसुद्धा लावला नव्हता."

काकांनी दुसरं बिल पालथं केलं.

पाइपातून पाणी जाताना भिंतीशी घासतं, आणि त्या घासण्याचा नियम मोठा निर्दय आहे. तेवढंच पाणी न्यायचं असेल तर पाइपचा व्यास निम्मा केल्यावर घर्षण दुप्पट-चौपट वाढत नाही, ते 32 पट होतं. व्यासाचा पाचवा घात. 8 इंचाचे 6 केले, म्हणजे आपल्या नजरेला चतुर्थांश कापला. घर्षण चौपटीवर गेलं. या कारखान्याला तासाला 150 घनमीटर पाणी फिरवायचं होतं. 600 मीटर लांबीत 8 इंची पाइपात घर्षणापायी साधारण साडेपाच मीटर दाब खर्च झाला असता. (इंजिनिअर लोक दाबसुद्धा मीटरमध्ये मोजतात, पाण्याचा तेवढा उंच खांब.) 6 इंचीत तो जवळजवळ 23 मीटर झाला. टॉवरची उंची आणि यंत्रांतला अडथळा धरून जिथे 20 मीटरचा पंप पुरला असता, तिथे 38 मीटरचा लागला. तेवढा दाब देणारा स्वस्तातला पंप म्हणजे दुप्पट वेगाचा. मिनिटाला 1450 फेऱ्यांऐवजी 2900. आणि पंप जितका वेगवान, तितकी त्याची तोंडाशी भूक मोठी. संथ पंपाला तीनेक मीटर पुरले असते. तो त्याच बैठकीवर, त्याच टाकीतून, बिनआवाजी चालला असता.

म्हणजे पाइप कापला म्हणून दाब वाढला, दाब वाढला म्हणून वेग वाढला, वेग वाढला म्हणून भूक वाढली, आणि ती न भागल्यामुळे बेअरिंग गेलं. दुसरा पंप असता तर पाळीवाल्यानं बटण दाबलं असतं आणि सकाळी वहीत एक ओळ लिहिली असती. तोही मीच कापला होता.

विजेचा हिशेबही त्यांनी त्याच बिलावर खाली लिहिला. ते जास्तीचे 17 मीटर चढवायला पंप आणि मोटरमधली गळती धरून दर तासाला सुमारे 11 युनिट जास्त. वर्षाचे 300 दिवस, चोवीस तास, म्हणजे 78 हजार युनिट. तेव्हा वीज आजच्या मानानं स्वस्त होती, तरी पाइपात वाचवलेले पैसे दुसरं वर्ष संपायच्या आत वीज मंडळाच्या बिलात निघून गेले होते. आज युनिटला 8 रुपये धरले तर वर्षाला सव्वासहा लाख होतात. नुसते पाइप घासण्याचे.

मी गप्प बसलेला पाहून काकांना माझी दया आली असावी. म्हणाले, "तुम्ही कापता साहेब, आम्ही वाढवतो. दोघंही तसेच." मग त्यांनी आपल्या जमातीचा दोष सांगितला, आणि तो फार मजेदार होता. प्रक्रियेचा इंजिनिअर म्हणतो 150 घनमीटर लागतील, पण असू देत 165. पाइपिंगवाला त्या 165 वर आपले पंधरा टक्के चढवतो, झाले 190. पंपविक्याकडे 190 चा पंप नसतो, तो 200 चा देतो. लग्नाच्या स्वयंपाकात मुलीचा मामा, आचारी आणि वाढपी असे तिघंही आपापल्या परीनं 'पाचपन्नास पानं जास्तीची' धरतात, तशी ही गत. उरलेला भात मात्र एकदाच टाकावा लागतो. मोठा पंप वीस वर्षं चालतो. मग त्याच्यापुढची झडप अर्धी मिटून ठेवतात. गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ब्रेकवर पाय ठेवून चालवावी तसं. खरं तर पंपाचा वेग कमी केला तर उंची चढवायची नसलेल्या, निव्वळ घर्षणाच्या कामात वीज घनाच्या हिशेबानं उतरते. वेग 80 टक्क्यांवर आणला की वीज निम्मी. वेग कमी-जास्त करणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणं आता सर्रास मिळतात. 1994 मध्ये लहान कारखान्यांना ती परवडत नसत.

जाता जाता काकांनी एक नाव सांगितलं, आणि त्या नावानं पुढे माझी बरीच वर्षं घेतली. फ्लिक्सबरो. इंग्लंडच्या पूर्व भागातलं हे खेडं. तिथे नायलॉनसाठी लागणारा कच्चा माल बनवणारा निप्रो कंपनीचा कारखाना होता. मी पुढे कारखान्याच्या पार्श्वभूमीवरची कादंबरी लिहायला घेतली तेव्हा या दुर्घटनेच्या सरकारी चौकशीविषयी मिळेल ते वाचून काढलं. कादंबरी पडली. चौकशीची हकिगत मात्र डोक्यातून गेली नाही.

तिथे सहा मोठे रिअ‍ॅक्टर पायऱ्यांसारखे एकाखाली एक ठेवले होते. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं सायक्लोहेक्झेन नावाचं ज्वालाग्राही द्रव्य 155 अंशांच्या आसपास तापलेल्या स्थितीत, दाबाखाली वाहायचं. मार्च 1974 मध्ये पाचव्या रिअ‍ॅक्टरला तडा गेलेला आढळला. तो काढून घेतला आणि चौथ्यापासून सहाव्यापर्यंत तात्पुरता पाइप जोडून काम चालू करायचं ठरलं. मूळ जोड 28 इंची होते. 20 इंची पाइप घेतला. दोन तोंडं वेगवेगळ्या उंचीवर, म्हणून पाइपला मध्ये दोन वाकणं दिली. दोन्ही टोकांना प्रसरणासाठी धातूचे भाते होते. कारखान्याच्या मुख्य यांत्रिक इंजिनिअरची जागा त्या वर्षाच्या सुरुवातीपासून रिकामी होती. पाइपचा आराखडा कागदावर काढलाच नाही. वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं पूर्ण मापाची आकृती काढली आणि तीवरून पाइप तयार केला. आतला दाब त्या वाकड्या पाइपला मुरगाळेल का, भाते तो पीळ सोसतील का, याचा हिशेब कुणी मांडला नाही. पाइप बांधकामाच्या परातीच्या नळ्यांवर टेकवला.

दोन महिने तो टिकला. शनिवार, 1 जून 1974, दुपारी 4 वाजून 53 मिनिटांनी स्फोट झाला. 28 माणसं गेली. नियंत्रण कक्षातली अठराच्या अठरा. शनिवार होता म्हणून. कामाच्या दिवशी आवारात कितीतरी जास्त लोक असायचे. चौकशी न्यायालयानं बोट ठेवलं ते त्या पाइपवर. घाई सगळ्यांना होती, वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

ती हकिगत वाचताना मला फरशीवरचा खडू दिसायचा आणि हातातली लाल पेन्सिल आठवायची.

पाइप ही निर्जीव नळी नव्हे, हे मी काकांकडून शिकलो. वाफेचा 100 मीटर लांबीचा पोलादी पाइप थंडीतून 180 अंशांना तापला की 18 सेंटिमीटर, जवळजवळ वीतभर, लांब होतो. त्याला ती वीत द्यावीच लागते. आगगाडीतून जाताना कारखान्यांच्या आवारात पाइप मध्येच काटकोनात वळून, चौकटीसारखा फेरा घेऊन पुन्हा सरळ जाताना दिसतात. लहानपणी मला वाटायचं, मध्ये काहीतरी आडवं आलं असेल. तो त्यांना अंग ताणायला दिलेला आळोखापिळोखा आहे. तसं न करता पाइप आवळून बांधला तर तो आपला जोर पंपाच्या तोंडावर काढतो. "पंपाच्या मानेवर पाइप टांगायचा नसतो," काका म्हणायचे. ही माणसं रात्रंदिवस अशा गोष्टींचा विचार करत असतात. पाणी अडकेल का, हवा कुठे कोंडेल, झडप पटकन मिटली तर धावत्या पाण्याचा हातोडा कुठे बसेल, दुरुस्तीला आलेल्या फिटरचा पाना फिरायला जागा राहील का. त्यांचं काम नीट झालं की त्याचा आवाजही येत नाही. म्हणून प्रस्तावात ते यादीच्या तळाशी असतं आणि कात्री लागते ती तिथेच.

अपघातानंतर मालकानं कर्ज वाढवून मागितलं आणि आम्ही ते दिलं. 8 इंची पाइप आला, पंप खड्ड्यात उतरवून बसवला, शेजारी राखीव पंप आला. आवाज बंद झाला. अंतर्गत चौकशीत कारण लागलं ते 'देखभालीतील त्रुटी'. मेकॅनिकची पगारवाढ रोखली. फाइलमधलं काकांचं पत्र कुणी काढलं नाही. मीही काढलं नाही. त्याच्यावर माझी आद्याक्षरं होती.

1997 साली माझी बदली त्याच वसाहतीजवळच्या तालुक्याच्या गावी शाखाधिकारी म्हणून झाली. पावसाळ्याचे दिवस होते. बाजाराचा दिवस असल्यामुळे काउंटरवर गर्दी. लिपिक पैसे काढायची स्लिप घेऊन आत आला. "सही जुळत नाही साहेब. तीनदा करून घेतली. कार्डावरची वेगळीच आहे." रक्कम आठशे रुपये. मी खातेदाराला आत पाठवायला सांगितलं.

पंचविशीचा मुलगा होता. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याशी बटण लावलेलं. त्यानं हात टेबलावर ठेवले आणि मला सही का जुळत नाही ते कळलं. बोटं अर्धवट मिटलेली, कातडी ताणलेली आणि चकचकीत.

"हात भाजल्यापासनं सही अशीच येते साहेब," तो म्हणाला. "आधीची चांगली होती."

कुठे भाजला, मी विचारलं. त्यानं कारखान्याचं नाव सांगितलं. आता भावाच्या किराणा दुकानात बसतो म्हणाला. कंपनीनं औषधपाणी केलं, पैसेही दिले. पण झडपेचं चाक फिरवायचं काम आता होत नाही.

"रात्रपाळी होती ना?" माझ्या तोंडून गेलं.

"तुम्हाला कसं ठाऊक साहेब?"

"त्या कारखान्याचं कर्ज आमच्या बँकेचं आहे," मी म्हणालो. पुढचं वाक्य मनात तयार होतं. ते बाहेर आलं नाही.

तो म्हणाला, "कारखाना चांगला आहे हो. माणसं पण चांगली. तेवढा पंपच खराब लागला होता."

मी शिपायाला नमुना सहीचं कोरं कार्ड आणायला सांगितलं. कार्डावर तीन सह्या लागतात. पेन दोन बोटांत धरता येईना म्हणून त्यानं ते मुठीत धरलं आणि मनगट फिरवत फिरवत एकेक अक्षर काढलं. तीन सह्यांना पाचेक मिनिटं लागली. बाहेर रांगेतली माणसं काचेतून आत डोकावत होती. 'माझ्यासमक्ष सही केली' असं खाली लिहून मी माझी सही केली. कॅशियरनं नोटा दोनदा मोजल्या आणि काउंटरबाहेर येऊन त्याच्या खिशात ठेवल्या.